तेहतीस कोटींचा हिशेब



‘कोटी म्हणजे प्रकार, तेव्हा हिंदूंचे देव तेहतीसच,’ असे गेल्या अंकातील पत्रलेखकाने ठासून सांगितले आहे. कोटीचा तोही अर्थ आहे. पण एवढी ओशाळवाणी सारवासारव कशाला?

बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य आधी ३०३ आणि ३००३ सांगतात. तो पुन्हा पुन्हा खोदून विचारतो, तसे ३३, ६, ३, २, दीड आणि अखेर एक. ते ३३ म्हणजे ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती. मोठे आकडे हे त्यांचेच महिमे. (दीड म्हणजे वाहता वारा, हे मला फार आवडते.) याज्ञवल्क्य ३३वर थांबले नाहीत, आपण का थांबावे?

घरचाच हिशेब पाहा: आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. दर दसऱ्याला चिंचेने घासून घासून घोडा तेवढा उरलाय, स्वार पुसट झालाय. शेजारी आजीने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा, आईची वेगळी, आता सुनेचीही. तीन अन्नपूर्णा तांदळाच्या एकाच वाटीत बसतात. नैवेद्य एकच.

– एक वाचक, सातारा