गुन्हा किरकोळ, खोटे मात्र महाग!

उलन चाळ आणि बुवापाड्यातली मुले आज लंडन, मेलबर्न, टोरांटोच्या विद्यापीठांचे अर्ज भरू लागली आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीत बापजाद्यांनी घाम गाळला, त्या अंबरनाथ पश्चिमेतून नातवंडे परदेशी शिकायला निघाली, ही बाबासाहेबांच्या १९१३ च्या न्यूयॉर्क प्रवासाचीच पुढची पायरी आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. परंतु शिष्यवृत्ती मिळाली, प्रवेश मिळाला, तरी अर्जातल्या एका प्रश्नावर आमचा तरुण अडतो: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?

आमच्या वस्त्यांत हा प्रश्न साधा नाही. खैरलांजीचे हत्याकांड आणि कानपूरची पुतळा विटंबना यांच्या संतापात ३० नोव्हेंबर २००६ रोजी उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि पोलिसांची धरपकड सुरू झाली. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर राज्यभर तेच घडले. २० ऑगस्ट २०२४ रोजी चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराविरुद्ध बदलापूरकर रुळांवर उतरले, तेव्हाही गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. अन्यायाविरुद्ध उभे राहणे आम्ही चूक मानत नाही. पण जमावबंदी मोडल्याचा, रेल्वे अडवल्याचा कागद पोलीस ठाण्याच्या दप्तरात राहतो आणि दहा वर्षांनी व्हिसाच्या खिडकीवर उभा ठाकतो.

अशा वेळी एजंट सल्ला देतो, "नाही लिहून टाका, कुणाला कळतंय!" बंधूंनो, हा सल्ला घातक आहे. किरकोळ गुन्ह्याने सहसा दार बंद होत नाही. खोटे बोलल्याने होते. ऑस्ट्रेलियाच्या चारित्र्य कसोटीत मुख्य अडसर १२ महिने वा अधिक शिक्षेचा आहे; शेदोनशे रुपयांचा दंड त्यात बसत नाही. तीच माहिती दडवली तर ऑस्ट्रेलियात ३ वर्षे, कॅनडात ५ वर्षे आणि ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेत तर खोट्या माहितीची बंदी आयुष्यभराची, सूट मिळाली तरच सुटका. अमेरिकेचा अर्ज अटक झाली होती का, हेही विचारतो. मग माफी मिळालेली असो वा नसो.

पासपोर्टचेही तसेच आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे; न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते. खटला चालू असला तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणून मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळवता येतो. हा रस्ता सोडून माहिती दडवली, तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. म्हणजे जुना गुन्हा राहिला बाजूला, नवाच पदरात!

दोन गैरसमज आमच्या समाजात खोल रुजले आहेत. पहिला, "दंड भरला, मिटलं." गुन्हा कबूल करून दंड भरणे ही कायद्याने दोषसिद्धीच असते. तारीख चुकवायची नाही, रोजी बुडवायची नाही, म्हणून आमचा कामगार सही करून मोकळा होतो. श्रीमंताचा वकील खटला लढवून निर्दोष सोडवतो, गरिबाच्या नावावर गुन्हेगाराचा शिक्का राहतो. कायदा एकच, परिणाम दोन. ही विषमता नव्हे तर काय?

दुसरा गैरसमज, "सरकारने गुन्हे मागे घेतले." फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी भीमा कोरेगाव प्रकरणी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले. टाळ्या पडल्या. उरलेल्या ३०१ चे काय? शिवाय मंत्र्याच्या घोषणेने न्यायालयात गेलेला खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. रेल्वे कायद्याखालचा गुन्हा असेल तर केंद्राची परवानगीही लागते. लोकल अडवणाऱ्या आमच्या पट्ट्यातल्या आंदोलकांनी हे ध्यानात ठेवावे. हातात न्यायालयाचा आदेश नसेल, तर गुन्हा मागे गेला असे समजू नका.

म्हणून आमची सरकारकडे मागणी आहे: मागे घेतलेल्या प्रत्येक गुन्ह्याची ठाणेवार यादी आदेशाच्या तारखेसह जाहीर करा. जे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, ते निकाली काढा. शिष्यवृत्ती एका हाताने द्यायची आणि जुन्या कागदाने दुसऱ्या हाताने काढून घ्यायची, हा खेळ थांबवा.

आणि चळवळीचेही काम आहे. मोर्चाला हाक देणाऱ्या नेत्यांनी मोर्चानंतर न्यायालयाच्या तारखेलाही हजर राहावे. प्रत्येक वॉर्डात आमच्या वकील मंडळींनी महिन्यातून एक दिवस बसावे. तरुणांनी निकालाची, दोषमुक्तीची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवावी. जुन्या फाइली कायम राहत नाहीत. व्हिसाच्या अर्जात खरे लिहावे, सोबत आदेश जोडावा आणि घटना चार ओळींत सांगावी. हक्कासाठी रस्त्यावर उतरलो होतो, हे लिहिताना मान खाली घालण्याचे कारण नाही. शिका आणि संघर्ष करा, हे दोन्ही बाबासाहेबांनीच सांगितले. एकासाठी दुसरे लपवायची पाळी आमच्या मुलांवर येऊ नये!