थेंब कुठे अडला?

भाचीच्या निकाहासाठी आम्ही सगळे आठ दिवस गावाला गेलो होतो. गच्चीवरच्या चोवीस कुंड्यांना ठिबक लावलेलं, टायमर सकाळी सहाला सुरू होणारा, म्हणून निर्धास्त होतो. परत येऊन पाहतो तर टाकीजवळच्या कुंड्यांमध्ये चिखल, मिरचीची पानं पिवळी पडलेली आणि शेवटच्या रांगेतला पुदिना वाळून कोळ. त्याच रांगेत अब्बांच्या हातचा मोगरा होता. त्यांच्या पश्चात अम्मींनी तो मुलासारखा जपला होता. त्याच्या फांद्या काटक्यांसारख्या झाल्या होत्या.

आम्ही काय करावं? वाळलेल्या कुंड्यांचे ड्रिपर बदलले आणि टायमरची वेळ दुप्पट केली. जवळच्या कुंड्यांमधून पाणी वाहून गटारात जाऊ लागलं, मोगरा कोरडाच राहिला. अम्मी म्हणाल्या, "वुजूला तांब्याभर पाणी जपून वापरायचं आणि इथे बादल्या ओतायच्या? पाणी कुठे अडतंय ते आधी बघा ना."

मग आम्ही टाकीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत पाण्याच्या वाटेनं निघालो. ठिबक बिघडलं की हाच क्रम धरावा.

आधी फिल्टर. टायमर बंद करून जाळी काढली, तर तिच्यावर हिरवं शेवाळ आणि पांढरा थर. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. जुन्या टूथब्रशनं जाळी घासून धुतली. टाकीचं झाकण अर्धवट उघडं राहत होतं, तेही नीट बसवलं. उजेड मिळाला की शेवाळ वाढतं. म्हणून नळीही काळीच असावी, पारदर्शक नको.

मग नळीचं शेवटचं टोक. बूच काढून पाणी सोडलं, तर आधी चहासारखा गाळ आला. स्वच्छ धार येईपर्यंत वाहू दिलं आणि ते पाणी बादलीत धरून झाडांनाच घातलं.

त्यानंतर ड्रिपर. उघडता येणारे ड्रिपर उघडून रात्रभर सिरक्यात बुडवले, सकाळी साध्या पाण्यानं धुतले. क्षार सुटले. शेतात यासाठी आम्ल वापरतात, घरी मुलंबाळं असताना तो उद्योग नको. नळीला उंदीर-खारीनं दात लावलेत का, तेही पाहून घ्यावं.

शेवटी मोजमाप. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक भांडं पंधरा मिनिटं ठेवलं. तासाला चार लिटरचा ड्रिपर पुऱ्या दाबावर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो. पण तो दाब मिळायला पाणी साधारण दहा मीटर उंचावरून यावं लागतं. आमची टाकी गच्चीपासून जेमतेम दोन मीटर उंच, त्यामुळे निम्म्याहूनही कमी पाणी मिळणार हे ठरलेलंच. साफसफाईनंतर पहिल्या भांड्यात चारशे मिली पडलं, शेवटच्यात दीडशे. म्हणजे घाण गेली तरी दाब पुरत नव्हता. मग नळीचे दोन भाग केले, प्रत्येकाला वेगळा नळ लावला आणि एकामागून एक चालवले. आता शेवटच्या भांड्यातही साडेतीनशे पडतं.

टायमर घेतानाही टाकीची उंची दुकानदाराला सांगावी. काही टायमरची झडप कमी दाबावर नीट उघडतच नाही.

आता आमच्या घरी नियम झाला आहे. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवायची, महिन्यातून एकदा टोकाचं बूच काढायचं आणि गावाला जायच्या दोन दिवस आधी भांडी ठेवून पाणी मोजायचं. दोन दिवस यासाठी, की काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. तरी आठवड्यापेक्षा जास्त जाणार असाल, तर शेजारी एक किल्ली ठेवावी. यंत्राला सांगता येतं, पण विचारता येत नाही.

मोगरा आम्ही बुडापासून वीतभर ठेवून छाटला. काल अम्मींनी हाक मारली. खोडाच्या खालच्या अंगाला दोन हिरवे डोळे फुटले आहेत.