विहिरीवरचे इंजिन आणि करंजाचे तेल

वाशीच्या बाजार समितीत कांदा उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोवाल्या शेतकऱ्याने परवा मला गाठले. वीज गेली की चालवायला त्याच्या विहिरीवर पाच घोड्यांचे डिझेल इंजिन आहे आणि ओढ्याकाठी करंजाची सहा झाडे. म्हणाला, “इथल्या हॉटेलांतले तळून उरलेले तेल डिझेल करायला नेतात म्हणे. मग मी घाण्यावरचे करंजेल इंजिनात का घालू नये?”

प्रश्न रास्त आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले होते आणि बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कळले.

तरी घाई नको. करंजेल डिझेलपेक्षा सुमारे दसपट दाट असते. नोझलमधून डिझेलचे धुके उडते, या तेलाचे जाड थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, आणि न जळलेले तेल खाली उतरून वंगणात मिसळले की त्याचा चिखल होतो. डिझेलमध्ये थोडेसे मिसळले तर हेच जरा सावकाश होते, इतकेच. गंमत अशी, की पहिले काही दिवस इंजिन झकास चालते! शेजारीपाजारी सांगून होते आणि मग इंजिन उघडायची पाळी येते.

कारखान्यात नेतात ते तेल तसेच जाळत नाहीत. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तत्सम क्षार देतात. ग्लिसरीन खाली बसते, वर पातळ बायोडिझेल राहते. करंजेलात आम्ल जास्त असले तर बायोडिझेलऐवजी साबणच होतो, म्हणून आधी आम्ल काढावे लागते. शिवाय मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मुलाबाळांच्या घरात हा उद्योग कोणी करू नये.

हिशेबही पाहा. पाच घोड्यांचे इंजिन भरल्या ताणावर तासाला लिटरभर डिझेल पिते. तेवढे तेल काढायला घाण्यावर चारेक किलो बी लागते. ते वेचणार कोण? घरातल्या बायकाच ना! १९८६ पासून नाशिककडे मोगली एरंडाची अशीच मोठ्या आशेने लागवड झाली होती. उतारा अपेक्षेप्रमाणे आला नाही आणि पुष्कळांनी झाडे उपटून टाकली.

मी त्याला म्हटले, बी विक, नाहीतर घाण्यावर दे आणि पेंड शेतात घाल. खत उत्तम होते, वाळवीही हटते. जनावरांपुढे मात्र ती टाकू नकोस.

“आणि टेम्पोत थोडे घातले तर?”

विहिरीवरचे जुने, संथ इंजिन एकवेळ सोसेल. टेम्पोचा पंप आणि नोझल बदलायला किती पडतात, ते आधी गॅरेजवाल्याला विचार म्हटले.