घरची गोष्ट आणि मुलाचा प्रश्न

"आम्हांला लिहितां-वाचतां येत नाहीं, आम्ही मुलांना काय शिकविणार? तें तुमच्या शाळेनेंच पाहावें." असे उद्गार पालकांच्या तोंडून आमच्या कानीं वारंवार येतात. त्यांत शाळेविषयींचा विश्वास दिसतो, व तो आम्हांस भूषणावहही वाटतो. परंतु या बोलण्यांत एक मोठी चूक आहे, असें आमचें नम्र मत आहे. पहिलीच्या वर्गांत मूल येतें तें सहा वर्षांचें होऊन. तोंवर त्याचें बहुतेक शिक्षण घरींच झालेलें असतें, आणि त्या शिक्षणाचें सर्वांत जुनें व स्वस्त साधन म्हणजे गोष्ट. तिला पाटी लागत नाहीं, पुस्तक लागत नाहीं, फी तर नाहींच नाहीं.

कावळ्याचें घर शेणाचें आणि चिमणीचें मेणाचें, ही गोष्ट ज्या घरीं ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. ही गोष्ट किती जुनी? तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामी गोदातीरीं हिंडत असत. आपल्याच जिल्ह्यांतील डोमेग्रामीं त्यांचा दीर्घ मुक्काम होता. त्यांच्या आठवणींचा जो 'लीळाचरित्र' ग्रंथ, त्यांत या गोष्टीचें जुनें रूप आढळतें. पुढें १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या. पण छापखाना येण्यापूर्वींचीं शतकेंच्या शतकें चिमणी-कावळ्याला जिवंत ठेवलें कोणीं? ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आज्यांनीं व आयांनींच ना? आपल्या नगरांत दीर्घकाळ राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक कधीं शाळेंत गेल्या नाहींत. अक्षरें शिकल्या त्या लग्नानंतर. तरीही त्यांचीं 'स्मृतिचित्रें' (पहिला भाग १९३४) आज मराठी भाषेचें भूषण मानलीं जातात. घरांत बोलली जाणारी भाषा दुबळी नसते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

मात्र गोष्ट सांगितली कीं काम झालें, असेंही नव्हे. गेल्या पावसाळ्यांत एका परिचिताच्या घरीं आम्ही बसलों होतों. आई पांच वर्षांच्या मुलाला हीच गोष्ट सांगत होती. पावसांत कावळ्याचें घर वाहून गेलें. तो चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. आणि चिमणी आंतून म्हणत राहिली, थांब, बाळाला अंघोळ घालतें. थांब, बाळाला तीट लावतें. मुलानें मध्येंच विचारलें, "कावळा भिजत होता ना? मग चिमणीनें लवकर दार कां उघडलें नाहीं?" आई घाईंत होती. ती म्हणाली, "कावळा आळशी होता म्हणून. आपण आळस करूं नये. झोप आतां." मूल गप्प बसलें, पण त्याचें समाधान झालें नव्हतें, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. कोपऱ्यांत आजी वाती वळीत होती. तिनें हळूच विचारलें, "तूं काय केलं असतंस रे?" मुलानें बराच विचार केला व तो म्हणाला, "मी दार उघडलं असतं. पण आधीं बाळाला टोपलीखालीं झांकून ठेवलं असतं."

वाचकहो, या उत्तराहून अधिक तात्पर्य कोणत्या पुस्तकांत सांपडेल? दारीं आलेल्यावर दया करावी, आणि आपल्या दुबळ्याचें रक्षणही करावें, या दोन्ही गोष्टी त्या मुलानें स्वतःच जोडल्या. आईनें दिलेलें तात्पर्य तो सकाळपर्यंत विसरला असेल. स्वतः शोधलेलें तो विसरणार नाहीं. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, गोष्ट पुरी सांगावी, तात्पर्याची घाई करूं नये, आणि मुलाचा प्रश्न आला तर तो अडथळा न समजतां त्याच प्रश्नाला गोष्टीचें फळ समजावें.

कोणी म्हणतील, आतां मोबाइलवर हव्या तितक्या गोष्टी मिळतात. मिळतात खऱ्या. परंतु तिथें गोष्ट पुढें धांवते. मूल गप्प कां झालें, हें पाहण्यासाठीं ती थांबत नाहीं. दुसरे म्हणतील, पशुपक्षी बोलतात हें मुलांना खोटेंच सांगणें नव्हे काय? मुलांना तें नीट कळतें. कावळ्याशीं बोलावयास तीं अंगणांत जाऊन बसत नाहींत. मात्र एक सावधगिरी आम्ही अवश्य सुचवूं. कांहीं जुन्या गोष्टींत आंधळ्यापांगळ्यांची चेष्टा असते, कांहींत एखाद्या जातीची किंवा सुनेची निंदा असते. तेवढा भाग सांगणाऱ्यानें खुशाल गाळावा. धान्य निवडल्यावांचून आपण दळीत नाहीं. गोष्टीच तेवढ्या न निवडतां कां द्याव्या?

आपल्या जिल्ह्यांतील पाथर्डी, शेवगांव, जामखेड या भागांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात. कांहीं मुलें आजीपाशीं मागें राहतात, कांहीं आईबापांबरोबर कोपीवर जातात आणि त्यांची शाळा मोडते. पहाटे फडांत गेलेली माउली रात्रीं थकून परतते. तिच्यावर आणखी एक ओझें घालण्यास आमची जीभ धजत नाहीं. गोष्ट हें शाळेच्या बदलीचें साधन नव्हे, हेंही आम्ही जाणतों. त्या मुलांना शाळा मिळालीच पाहिजे. परंतु भाकरी थापतां थापतां सांगितलेली एक गोष्ट, आणि "तूं काय केलं असतंस?" हा एक प्रश्न, एवढें त्या कोपींतही साधेल. ज्या मुलाला कोणीतरी रोज एकदां मत विचारतें, तें मूल वर्गांत परत येतें तेव्हां मान वर करून बोलतें.

विद्यार्थीमित्रांनो, सुटींत घरीं जाल तेव्हां आजीपाशीं बसा. तिच्या तोंडची एक गोष्ट, तिच्याच बोलींत, तुमच्या वहींत उतरून घ्या. शुद्धाशुद्धाची चिंता करूं नका. मग ती धाकट्या भावंडास सांगा, आणि शेवटीं तात्पर्य न सांगतां थोडा वेळ गप्प बसा. तें काय विचारतें, तें ऐका.