45 चौरस मीटरांतलं अंगण

पुनर्विकासाच्या सभेत आर्किटेक्ट बहुधा शेवटी बोलतो. आधी कार्पेट एरिया किती वाढणार ते ठरतं, मग कॉर्पस, मग पार्किंग. सगळं ठरलं की इमारतीच्या दर्शनी बाजूचं रंगीत चित्र पडद्यावर येतं आणि त्या चित्रालाच आपण वास्तुकला समजतो. मला हे मुळीच मान्य नाही. वारा कुठून येईल, पावसाची झड कशी अडवायची, शेजाऱ्याची गाठ कुठे पडेल, घर वाढवायचं झालं तर कोणाला विचारावं लागेल, हे भिंत कुठे उभी राहते यावर ठरतं. नकाशा काढणं म्हणजे असे प्रश्न मीटर-सेंटिमीटरांत सोडवून बघणं.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या हवेत उघड्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न दोन टोकांना सोडवून पाहिला. एक टोक कंबाला हिलवरचं. 1983मध्ये पूर्ण झालेली ‘कांचनजंगा’ 28 मजल्यांची आहे आणि तिच्यात श्रीमंतांची 32 घरं आहेत. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घराचं तोंड तिकडे हवं. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी मनोऱ्याच्या कोपऱ्यांत दुप्पट उंचीच्या गच्च्या कोरल्या आणि तो व्हरांडा आकाशात नेला.

दुसरं टोक मला अधिक मोलाचं वाटतं. कांचनजंगा पुरी झाली त्याच सुमारास सिडकोसाठी बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती आकाराला येऊ लागली. आज तिला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सहाएक हेक्टर जमीन, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, मधून पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरांचे. गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या उत्पन्नात कितीतरी पटींचं अंतर असलं, तरी जमिनीत ते जवळजवळ पुसलेलं. आणि सगळ्यात लहान भूखंडालाही स्वतःचं, वर छप्पर नसलेलं अंगण होतं.

सात घरं मिळून आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक. असे तीन गट एकत्र आले की 21 घरांचा मोठा चौक, आणि पुढे त्याहून मोठा. पोर उंबऱ्यातून बाहेर पडलं की आधी आपलं अंगण, मग सात घरांचा चौक, मग आळी, अशी त्याची ओळख पायरीपायरीने वाढत जाते. लिफ्टमधून थेट पार्किंगमध्ये उतरणाऱ्या मुलाला यातली एकही पायरी मिळत नाही.

घरं एकमेकांना खेटून, तरी कोणाचीही भिंत सामाईक नाही. संडास-न्हाणीच्या जोड्या मात्र पाठीला पाठ लावून, नळाचा खर्च वाचावा म्हणून. हा तपशील कोरडा वाटेल, पण सगळा विचार त्यातच आहे. भिंत आपली असेल तर पैसे साठतील तशी खोली चढवता येते, सोसायटीचा ठराव लागत नाही. बांधणी साधी, कौलारू, स्थानिक गवंड्याला जमेल अशी.

पुढे लोकांनी खरंच वाढवलं. कौलं गेली, स्लॅब आले, कित्येकांनी मूळ घर पाडून नवं उभं केलं. अनेक अंगणं खोल्यांनी गिळली. ते पाहून काही वास्तुतज्ज्ञ हळहळतात. अंगणांसाठी मीही हळहळतो. ती वाचवण्याची काही तजवीज आराखड्यातच असायला हवी होती, असं माझं मत आहे. पण कौलांसाठी मला वाईट वाटत नाही. घराने माणसाबरोबर मोठं व्हावं, हाच तर या आराखड्याचा हेतू होता. शिवाय सात घरांचा चौक कोणा एकाच्या मालकीचा नसल्याने तो सहजासहजी घरात ओढून घेता येत नाही.

हेक्टरी सुमारे 500 माणसं, तीही लिफ्टशिवाय, असा या रचनेचा हिशेब. मुंबई बेटावरचे जमिनीचे भाव बघता तिथे ठेंगण्या वस्तीचा आग्रह धरता येणार नाही, हे कबूल. पण शहरांच्या कडेला जिथे शेतं आत्ता एनए (बिगरशेती) होत आहेत, तिथेही पहिल्याच दिवसापासून उंच मनोरे कशासाठी? तिथले नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत. हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हा तिथल्या रहिवाशांनी बेलापूरचा आराखडा हातात घेऊन नियोजन प्राधिकरणाच्या टेबलापुढे उभं राहावं, आणि दर सात घरांमागे एक चौक लेखी मागावा.