रेकॉर्ड दाबा, गप्प बसा!

भाचीला शाळेत प्रोजेक्ट मिळालाय. घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घेऊन पॉडकास्ट करायचा. तिनं आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना पकडलं. विषय १९८२चा गिरणी संप. मी आपला साऊंड इंजिनीअर! पंखा बंद, मोबाइल उशीवर.

'संप कधी सुरू झाला?'

'जानेवारीत.'

संपली मुलाखत! मग मी तिला टिप दिली, 'कधी' विचारू नकोस, 'तेव्हा घरी काय चाललं होतं?' विचार. उत्तरानंतर पाच सेकंद गप्प बस.

त्या पाच सेकंदांत बाबा बोलले. आईच्या पाटल्या विकल्याचं मला वयाच्या तिशीत कळलं. भाचीला मार्क मिळतील, पण धडा मला मिळाला.

अमेरिकेत 'स्टोरीकॉर्प्स' २००३पासून हेच करतंय. दोन माणसं, चाळीस मिनिटं. या रविवारी तुम्हीही बघा की विचारून!