सात कसोट्या आणि एक रस्ता

29 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत स्वप्ना बर्मन हिने हेप्टॅथलॉनमध्ये 6026 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळविणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. जलपाईगुडीच्या या मुलीचे वडील व्हॅन-रिक्षा ओढीत आणि आजाराने अंथरुणाला खिळले होते. आईने चहाच्या मळ्यात मजुरी केली. दोन्ही पायांना सहा-सहा बोटे असल्याने बाजारातला बूट तिला नीट बसत नसे. तिच्या जिद्दीचे देशभर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. परंतु जिद्दीला साधनांची जोड कोणी दिली, हा प्रश्न त्या कौतुकात बाजूला राहिला.

हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात कसोट्या. पहिल्या दिवशी 100 मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक व 200 मीटर धाव. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक व 800 मीटर धाव. यासाठी अडथळे, उंच उडीची जाड गादी, भाले, धावपट्टी आणि ही सर्व तंत्रे शिकविणारा मार्गदर्शक लागतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे भांडवलप्रधान क्षेत्र होय, आणि हे भांडवल कोणतेही गरीब कुटुंब स्वतः उभारू शकत नाही. स्वप्नाला ते कोलकात्याच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात मिळाले.

आता महाराष्ट्राकडे पाहावे. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्या खेड्यांतील मुलींची नावे मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यात दिसतात, हा केवळ योगायोग मानता येत नाही. धावण्याचा आरंभ करायला गावचा रस्ता पुरतो. अडथळे ओलांडायला आधी कोणीतरी ते मांडावे लागतात. मुलीने कोणता खेळ निवडावा हे पुष्कळदा तिच्या अंगच्या गुणांआधी तिच्या गावातील साधनेच ठरवितात.

गोंदिया जिल्ह्यातही भल्या पहाटे धानाच्या बांध्यांमधील रस्त्यांवर मुली धावताना दिसतात. त्यांच्यापुढे ध्येय असते पोलीस भरतीचे. त्या मैदानी चाचणीत मुलींना 100 मीटर व 800 मीटर धाव आणि गोळाफेक द्यावी लागते. म्हणजे हेप्टॅथलॉनच्या सातांपैकी दोन कसोट्यांचा सराव या मुली पोटापाण्यासाठी आधीच करीत आहेत. उरलेल्या पाचांची ओळख त्यांना कोण करून देणार?

जिथे शाळांना पुरेशा खोल्या नाहीत तिथे गाद्या आणि भाले कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला तेलंगणाचे उदाहरण उत्तर देते. चहा विकणाऱ्याची मुलगी नंदिनी अगसरा तेथील शासकीय समाजकल्याण निवासी शाळेत शिकली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 5712 गुणांसह तिने कांस्यपदक मिळविले. स्वप्ना केवळ चार गुणांनी मागे राहून चौथी आली. 2025 मध्ये गुमी येथे नंदिनी आशियाई विजेती झाली. निवासी शाळेत भोजन, निवास आणि शिक्षण यांचा खर्च शासन करीतच असते. त्यावर साधनांची भर घालणे तुलनेने स्वस्त पडते.

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील आश्रमशाळांना हाच न्याय लावता येईल. प्रत्येक शाळेला सर्व साहित्य देणे शक्य नसेल, तर तालुक्याला एक संच आणि एक प्रशिक्षित क्रीडाशिक्षक द्यावा. अनेक शाळांनी तो आळीपाळीने वापरावा. त्यातून पदकविजेती निघेलच असे नाही. मात्र आपल्या अंगी रस्त्यावर धावण्यापलीकडे काय आहे, हे जाणून घेण्याची संधी तरी त्या मुलींना मिळेल. ती देण्याचे दायित्व समाजाचे आहे; मुलींच्या जिद्दीवर ते ढकलता येणार नाही.